देवीदासभाऊंचा लाल पाटा

तव्यावर दुसरी पोळी टाकली आणि दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारे आमच्या कॉलनीत एकच गृहस्थ, शेजारचे देवीदासभाऊ. बेल त्यांनीच निवडून दिलेली, त्यामुळे तिच्यावर त्यांचा विश्वास नाही.

दार उघडलं तर तळहातावर लाल दगडाचा पातळ पापुद्रा घेऊन उभे.

"वैनी, पाट्याले छिन्नीनं टाकी लावाले बसलो, तं हे निघालं."

भाऊ नांदगाव पेठच्या कापड गिरणीत सुपरवायझर होते. निवृत्त झाले ते फक्त गिरणीतून. आता आमचा कूलर कोणत्या खिडकीला लावायचा, कोणाच्या लेकीनं कोणता विषय घ्यायचा, हे तेच ठरवतात. गेल्या महिन्यात अमरावतीच्या एका प्रदर्शनातून त्यांनी हा लाल पाटा आणला. गुळगुळीत, देखणा, अंगावर लाटांसारख्या रेघा. त्यांच्या बायकोनं, इंदूबाईंनी अकोल्याहून, माहेरून आणलेला काळा पाटा मग भाऊंनी मोरीत धुण्याचा दगड म्हणून सिमेंटमध्ये बसवून टाकला. वर म्हणाले, "काळा गोटा मोरीतच शोभते."

तेव्हाच मी म्हटलं होतं, "भाऊजी, काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. थंड होताना त्याचे कण एकमेकांत गच्च गुंतले. टाकीनं खाचा पडतात, पण थर सुटत नाही, कारण थरच नाहीत. तुमचा लाल दगड वाळूचा. पाण्याच्या तळाशी वाळू साचत गेली, थरावर थर दाबला गेला. भिंतीला लावा, छान दिसेल. वाटायला नको."

"कॉलेजातला भूगोल राहू द्या वैनी. दगड तो दगड."

मग ठेच्यात कचकच सुरू झाली. आधी दोष मिरच्यांचा निघाला, त्या धुतल्या नव्हत्या म्हणे. मग मिठाचा. शेवटी इंदूबाईंच्या दातांचा. वाळूचा मात्र एकदाही नाही.

आज तेल्हाऱ्याचे व्याही पहिल्यांदाच जेवायला यायचे होते. पाटा खडबडीत केला की कचकच जाईल, असा शोध लावून भाऊ पहाटेच छिन्नी-हातोडी घेऊन बसले. चौथ्या-पाचव्या घावाला अख्खा थर उचलला गेला. इंदूबाईंनी तो पाहिला, गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली.

"माझा पाटा न्या ना," मी म्हटलं. "काळाच आहे."

"पाट्यानं काय होते? सयपाकच बंद हाय. म्या म्हटलं, मोरी फोडून तुह्या पाटा काढतो. तं आतूनच म्हणे, फोडू नका."

"मग हवंय काय त्यांना?"

भाऊ पापुद्र्यावरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिले. "म्हणे, एकदा तोंडानं म्हणा, माहं चुकलं."

"मग म्हणा की!"

"म्हणतो ना. पण दारापाशी गेलो का मिरचीचंच बोलनं निघते तोंडातून."

"आजही मिरचीच?"

"आज टाकीचं निघालं. म्हटलं, टाकीच बोथट होती. तं तिनं आतून दुसरी कडी लावली."

मी हसू दाबलं आणि गॅस बारीक केला. भाऊंनी पापुद्रा आमच्या कट्ट्यावर ठेवला, आणि सुपरवायझरचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"वैनी, व्याही बाराले येतीन. तुमी माह्यासंग चला अन् माह्याकडून तिले सांगा, माहं चुकलं म्हणून. मी मांगं उभा राह्यतो."