एक दांडा मामांचा, एक मामींचा

“येक दांडा माझा, येक हिचा. दोन दांडं दाबायचं, येवढंच सांगितलं व्हतं ना तुमी?” अमीनमामा म्हणाले.

सांगितलं होतं, मीच. फक्त ते एका माणसासाठी होतं.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. शिक्रापूरच्या एका छोट्या फॅब्रिकेशन कंपनीत मी डिझाइनला होतो. दौंडच्या एका जळाऊ लाकडाच्या वखारीसाठी आम्ही लॉग स्प्लिटर, म्हणजे लाकूड फोडायचं मशीन बनवलं होतं. रचना सोपी. आडव्या लोखंडी बेडवर ओंडका ठेवायचा. तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर त्याला पुढे ढकलतो आणि समोरच्या पोलादी पाचरीवर ओंडका चिरला जातो. चालवायला दोन दांडे. दोन्ही दाबलेले असतील तरच सिलिंडर पुढे जातो, एक जरी सुटला तरी थांबतो. ऑपरेटरचे दोन्ही हात दांड्यांवर अडकले की ते पाचरीजवळ जाणार कुठून? या कल्पनेवर मी स्वतःच फार खूश होतो.

वखारीत अमीनमामा आणि त्यांची बायको खातूनमामी बावीस वर्षं जोडीनं लाकूड फोडत होते. मामी छिनी धरायच्या, मामा घण घालायचे. मशीन आलं, तेही त्यांनी जोडीनंच चालवायला घेतलं. मामांचा एक हात एका दांड्यावर, मामींचा एक दुसऱ्यावर, आणि दोघांचे उरलेले हात ओंडक्यावर. माझ्या सेफ्टीची त्यांनी सरळ वाटणी करून टाकली होती.

आदल्या दिवशी पाचरीला लागताच ओंडका गर्रकन फिरला. मामींचा हात बेडच्या कडेला सापडता सापडता राहिला, म्हणून मला बोलावलं होतं.

“बांगड्या तेवढ्या वाढवल्या मशीननं,” मामी हसत म्हणाल्या. मनगटावर ओरखडे होते. मला काही हसू आलं नाही.

“एकानंच चालवायचं. लाकूड कुणी धरायचं नाही,” मी जरा चढ्या आवाजात म्हणालो.

“धरलं न्हाई तर ऱ्हातंय व्हय ते? दावा की करून,” मामा म्हणाले.

दाखवायला गेलो. बाभळीचा ओंडका, तीन ठिकाणी वाकडा. मी दांडे दाबले की तो लोळायचा. तिसऱ्यांदा माझ्या बुटावरच आला. वखारीतली सगळी माणसं काम सोडून बघत उभी होती. कंपनीत आम्ही ट्रायल घेतली होती ती केंदूरहून आणलेल्या नीलगिरीवर. नीलगिरी सरळसोट. बाभूळ कधी सरळ असते का? दोष मामा-मामींचा नव्हता. माझ्या सपाट बेडवर बाभूळ राहतच नव्हती, म्हणून ते धरत होते.

आठवड्यात दोन बदल केले. सपाट बेडच्या जागी दातेरी कडांची खोलगट खोबण बसवली. ओंडका कसाही वाकडा असो, तिच्यात रुतून बसतो. दुसरं, सिलिंडर दर वेळी अगदी शेवटपर्यंत मागे जायचा आणि परत यायचा, त्यात वेळ जायचा. त्याला स्टॉपर लावला. ओंडक्याच्या लांबीपुरताच मागे जा, म्हटलं. आता मामा एकटे दोन्ही दांडे दाबत होते, ओंडक्याला कुणाचा हात नव्हता, आणि वेगही वाढला होता.

वखारीचे मालक आप्पा खूश. “म्हंजी येका मानसाचं काम झालं म्हना की!”

“झालं,” मी ऐटीत म्हणालो.

“मंग खातूनबाई जाऊ द्या राहू गावाला. माज्या भावाचं गुऱ्हाळ हाय तितं, मानूस पायजेच हाय. सीझनभर तितंच ऱ्हातील.”

मामींनी पदर खोचला आणि चिरलेली लाकडं उचलायला लागल्या. मामा दांड्याकडे बघत राहिले.

मला तरी कळायला हवं होतं. माझी बायको जामखेडकडच्या शाळेत शिक्षिका. तिची सुट्टी रविवारी. आमच्या भागात वीज गुरुवारी बंद, म्हणून कंपनीची सुट्टी गुरुवारी. मी गुरुवारी पहाटेच्या एसटीनं जायचो, तिच्या खोलीवर स्वयंपाक करून ठेवायचो आणि शाळा सुटायची वाट बघत बसायचो. एक चहा एकत्र झाला की माझी परतीची गाडी. सहा वर्षं असं चाललं होतं. आठवण यायची असं म्हणणं कमी पडेल, झुरत होतो मी तिच्यासाठी. आणि तरी आप्पांना ‘झालं’ म्हणून मोकळा झालो होतो.

तीन आठवड्यांनी आप्पांचा कंपनीत फोन आला. बॉसनी मला बोलावलं.

“दौंडचं मशीन स्लो झालंय म्हणतात. पंप चेक करून ये.”

पंप ठणठणीत होता. स्टॉपवॉच लावलं, स्ट्रोकची म्हणजे सिलिंडरच्या एका फेरीची वेळ तीच. मग मशीन सोडून मामांकडे बघत बसलो. ते ढिगाकडे जायचे, ओंडका ओढत आणायचे, एकट्यानं उचलायचे, फिरून दांड्यांपाशी यायचे. तेवढा वेळ मशीन रिकामं. एक ओंडका पायावर पडून अंगठ्याचं नख काळं झालं होतं. आणखी एक गोष्ट दिसली. दांडे धरल्यावर मामा क्षणभर थांबायचे आणि समोर बघायचे. समोर कुणीच नसायचं.

“कुणाची वाट बघताय मामा?”

ते ओशाळले. “सवय हो, सायेब. छिनी बसली की ती ‘हां’ म्हनायची, मंग मी घण घालायचो. आता कोन बी म्हनत न्हाई, तरी कान तितंच जातोय.”

मी घड्याळ खिशात घातलं.

रिपोर्ट तिथंच बसून लिहिला. मशीनला दोन माणसं लागतात. एक दांड्यांवर, दुसरं लाकूड देणारं, मध्ये नवी संरक्षक जाळी बसवून तिच्या पलीकडे. देणाऱ्यानं आवाज दिल्याशिवाय दांडे दाबू नयेत.

“मंग आदी येक का म्हनला?” आप्पा चिडले.

“चुकलो.”

मनात आणलं असतं तर त्यांनी दुसरं कुणी ठेवलं असतं. पण ओंडका बघून त्याची चीर कुठं जाणार हे सांगणारं मामींसारखं दुसरं कुणी वखारीत नव्हतं, आणि ते आप्पांनाही ठाऊक होतं. चार दिवसांत मामी राहूहून परतल्या. मी जाळी बसवायला गेलो होतो. मामींनी खोबणीत ओंडका लोटला, दोन पावलं मागे, जाळीआड सरकल्या आणि म्हणाल्या, “हां.” मामांनी दांडे दाबले.

तेव्हापासून कुठल्याही मशीनचं ड्रॉइंग करताना मी आधी माणसं कुठं उभी राहणार ते काढतो, मग मशीन.

त्या गुरुवारी चहा पिताना बायकोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “किती माणसं लागतात असा एक रिपोर्ट आपल्या घराचाही लिहून द्या ना कुणाला तरी.”

बदलीचे अर्ज आम्ही दर वर्षी देत होतोच. तिची शिरूरला बदली झाली ती त्यानंतर सात वर्षांनी.