पहिली पसंती कल्याण

नातीने कल्याणचे साधे कॉलेज निवडले ते माझ्या चिकटपणामुळे, अशी कथा माझे धाकटे बंधू प्रत्येक लग्नात सांगतात. ती साफ खोटी आहे. तिच्या फीसाठी मी ठाण्यातली, बाळकुमची जागा विकायला काढली होती. गिऱ्हाईकही ठरले होते. प्रवेशअर्जात पहिली पसंती मुंबईच्या नामांकित कॉलेजला दे, असे मी तिला बजावलेही होते. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते बदलता येत नाही, हे ती जाणून होती. म्हणूनच तिने तिथे परस्पर कल्याणचे नाव भरले.

यादी लागली आणि मी गरजलो, "अगं, एवढे गुण मिळवून कल्याण?"

"आजोबा, तिथेही चांगलंच शिकवतात. आणि जागा विकल्यावर चार वर्षं तुमचे उसासे कोण ऐकणार?"

"मी उसासे टाकतो?"

"आत्ताच टाकलात!"

सगळे घर हसले. मीही हसलो आणि टेंभी नाक्यावरून किलोभर पेढे घेऊन आलो. तो आनंद जागा वाचल्याचा नव्हता. माझ्याशी वाद घालून जिंकणारे कोणीतरी अखेर आमच्या घरात निपजले, त्याचा होता.