शटरवरची नावं

बोईसरच्या आमच्या सायकलवाल्याचं नाव मी इतक्या वर्षांत कधी विचारलेलं नाही. तीन टप्प्यांच्या सायकल शर्यतीआधी तो दुकानाच्या शटरवर खडूने जिंकू शकणाऱ्यांची नावं लिहितो. तो सायकलची किंमत विचारत नाही. आधी चेनवरून बोट फिरवतो, मग स्वाराचे हात बघतो.

यंदा माझी मुलगी उतरणार होती आणि तिला शटरवर नाव हवं होतं. त्याने बोट फिरवलं. चेन लख्ख होती.

"कोनी पुसली?"

"मी!" मी छाती काढून म्हणालो. "दोन तास लागले."

"मग शर्यतीला तुमीच जा, साहेब. मनोरच्या रस्त्याला चेन पडली तर पोरगी बापाला फोन करनार हाय काय?"

मुलीने माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच शेजारच्या टपरीवर चहा सांगितला. ती तिथंच खाली बसली. चेन उतरवली, बसवताना दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसवली. तो आपला दुसऱ्या कुणाचं पंक्चर काढत राहिला.

मग त्याने खडू तिच्यापुढे धरला. तिने नाव लिहिलं, भोवती ग्रीसची काळी बोटं उमटली. मी लगबगीने रुमाल काढला.

"साहेब," तो म्हणाला, "आता तरी पुसू नका."