आईच्या नावाचा टेकू

चानफोंगच्या घरामागे चुनखडीचा कडा होता, कड्याला भेग होती आणि भेगेत पिंपळ होता. पाखराच्या शिटेतून पडलेलं बी ते. भेग तेव्हा बोटाएवढी होती. तिचा एकुलता एक पोरगा, इनसोम, तेव्हा तापानं फणफणला होता. विहारातले म्हातारे भिक्खू म्हणाले, "पिंपळाला टेकू दे, पोर जगेल." तिकडे सोंगक्रानला, म्हणजे नव्या वर्षाला, सगळेच बेचक्याचं लाकूड पिंपळाच्या फांदीखाली लावतात, ज्याच्या नावाचं लाकूड, त्याचं आयुष्य वाढतं. पण भेगेतलं रोप वीतभरही नव्हतं. चानफोंगनं त्याला उदबत्तीच्या काडीचा टेकू दिला, आणि सकाळी पोर उठून भात मागू लागलं.

तिथून पुढे तिचं आयुष्य पाणी वाहण्यात गेलं. नवरा गेला, विहीर आटली, गुडघे बोलायला लागले, पण घागर घेऊन कड्यावर चढणं चुकलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "पोराला पाजून येते." पोराला मिशा फुटल्या तरी हिचं पाजणं काही सुटेना, असं गाव हसायचं.

झाड मातलं. मुळं मांडीएवढी झाली, भेग इतकी फाकली की आत वटवाघळं राहायला आली. त्यांच्या मुतानं दगड आतून भुसभुशीत झाला, आणि मुंग्या तो पांढरा भुगा बाहेर ओढू लागल्या. यंदा इनसोमला मुलगी झाली. सून सेंगला रोज सकाळी तिच्या झोळीतून मूठभर वाळू झाडायची.

"आई, काल खडा पडला. एवढा." सेंगलानं अंगठा दाखवला. "ह्यांना सांगा, झाड काढा नाहीतर घर हलवा."

"झाड काढा म्हणजे मलाच काढा म्हण की," इनसोम चिकट भाताचा गोळा वळत म्हणाला. "आणि घर काय कोंबड्यांचं खुराडं आहे, उचललं नि ठेवलं? कडा माझ्या आज्याच्या आधीपासून उभा आहे."

"होता उभा. तुमचा पिंपळ त्याला उभा राहू देईना."

 दुसऱ्या दिवसापासून चानफोंग मीठ घातलेलं उकळतं पाणी नेऊ लागली. घागर तीच, वाट तीच, तोंडावर केळीचं पान. जन्मभर पाणी घालणाऱ्या बाईच्या घागरीत कोण डोकावतं? पाणी ओतताना ती रडायची, आणि रडत रडतच ओतायची.

पानं गळली. उन्हाळ्यात ती गळतातच, कुणाच्या लक्षात आलं नाही. झोळीत वाळू पडायची थांबली. सेंगला खुशीत होती, चानफोंगलाही गाढ झोप लागू लागली.

मग गावातले पिंपळ तांबड्या पालवीनं भरले. हिचा नाही. ती वर गेली, भेगेत हात घातला, तर मूळ वाळवीसकट हातात आलं. वटवाघळं केव्हाच निघून गेली होती. आतला दगड दिसला. घराएवढी शिळा, खाली कशाचाच आधार नाही. दगड फोडला होता झाडानंच, पण फोडलेला दगड कवेत धरून बसलं होतं तेही झाडच. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती खाली आली. "सासुरवाडीला जाऊन राहा थोडे दिवस," ती इनसोमला म्हणाली.

"वाळू पडत होती तेव्हा गप्प होतीस, आणि थांबली तर भीती वाटते? सोंगक्रान तोंडावर आणि मी सासुरवाडीला जाऊन बसू? लोक काय म्हणतील?"

सोंगक्रानच्या सकाळी तो सुगंधी पाण्याचा वाडगा घेऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. जिन्याशी नवा टेकू उभा होता, चांगल्या सागाचा, त्यावर काजळीनं तिचं नाव. यंदाचा टेकू आईसाठी होता.

"आई, हात पुढे कर. पाणी घालतो, आशीर्वाद दे."

तिनं हात पाठीमागे घेतले. "या हातांवर नको. यांनीच तुझा पिंपळ मारलाय. उकळतं मिठाचं पाणी घालून."

"काहीतरीच काय बोलतेस."

"वर बघ. गावभर पालवी आलीय."

इनसोमनं मान वर केली. त्याचा चेहरा उतरला. त्या क्षणी ती रडली असती तर त्यानं माफ केलं असतं आणि तो तिथंच राहिला असता. म्हणून ती रडली नाही.

"पाणी वाहून वाहून कंबर गेली माझी," ती म्हणाली. "कंटाळले मी तुझ्या आयुष्याला."

त्यानं वाडगा खाली ठेवला. सेंगलानं मुलीला झोळीतून उचललं. फाटकाशी ती एकदा वळली. "आई, तुम्ही?"

"चुलीवर भात आहे माझा. जा तू."

इनसोम वळला नाही, तू पण चल म्हणाला नाही.

तिनंही निघून जायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण इनसोमचा राग तिला माहीत होता, दुपारपर्यंत निवणारा. तो परत आला तर त्याला पुन्हा हाकलायला कुणीतरी हवं होतं. आपल्या नावाचा टेकू मांडीवर आडवा घेऊन ती रस्त्याकडे तोंड करून पायरीवर बसली. मागे, रिकाम्या झोळीत वाळू पडू लागली होती.