स्वर ताणायचा रबरबँड

चार जुने दोस्त जमले की किस्से सांगायला कुणाचा तरी मूर्खपणा लागतो. आमच्या कंपूत त्याची कधी टंचाई पडली नाही, कारण मी होतो! आजही नागराज भेटला की आधी दोन बोटं हवेत ताणून दाखवतो आणि मग चहा सांगतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. बेंगळुरूतल्या आमच्या मशिनच्या कारखान्याला परदेशातून ऑर्डरी यायला लागल्या आणि डिस्पॅचमधल्या आम्हा कारकुनांवर फोनवर इंग्रजी बोलायची वेळ आली. मॅनेजर मूर्ती साहेबांनी मला आणि नागराजला केबिनमध्ये बोलावलं.

"तीन महिन्यांनी हेड ऑफिसवाले फोनवर परीक्षा घेतील. पास झालात तर इथेच एक्स्पोर्टला. नाही तर गुजरातच्या गोडाउनला बदली."

बायको शैला राजाजीनगरच्या शाळेत नुकतीच कायम झालेली. वडील, म्हणजे आप्पा, बेंगळुरूबाहेर चार दिवस राहिले की आजारी पडणारे. घरात सात महिन्यांची मुलगी. म्हणजे गुजरातला मी एकट्याने जायचं आणि पोरगी फोटोत मोठी होताना बघायची!

*

राजाजीनगरात एका पिठाच्या गिरणीच्या वर साठी उलटलेल्या डोरोथी मिस इंग्रजीचा क्लास घ्यायच्या. आम्ही दोघं तिथे दाखल झालो. पहिल्याच दिवशी माझं वाचन ऐकून मिसनी निदान केलं, "मिस्टर कदम, तुमचे सगळे स्वर एकाच मापाचे आहेत!"

'फिट' काय आणि 'फीट' काय, मी एकाच झटक्यात उरकत होतो. शुद्धलेखनात वेलांटीचा एक मार्क कधी न गमावलेला माणूस मी! पण ती सगळी हुशारी कागदावरची. तोंडाला त्याची काही खबरच नव्हती.

मिसनी ड्रॉवरमधून रबरबँड काढले. दोन्ही हातांच्या तर्जन्यांत अडकवायचा, छोट्या स्वराला ढिला सोडायचा, लांब स्वराला ताणायचा. मी पहिला लांब स्वर इतक्या निष्ठेने ताणला, की रबर तुटून नागराजच्या चष्म्यावर बसला.

मिस शांतपणे म्हणाल्या, "मिस्टर कदम, स्वर लांबवा. जीव घेऊ नका."

*

मिसचा हुकूम होता, रिकामा वेळ मिळाला की सराव. मला रिकामा वेळ मिळायचा बसमध्ये. खिडकीशी बसून बोटांत रबर, दात बाहेर, आणि "ईऽऽ" चालू.

शेजारच्या अज्जींनी बराच वेळ बघितलं. मग मायेनं विचारलं, "हल्लु नोवा?" दात दुखतोय का बाबा?

आता या माउलीला स्वरांचं शास्त्र कुठून समजावू? मी "हौदु", म्हणजे हो, म्हटलं. त्यांनी बटव्यातून लवंग काढून दिली, ती दाढेखाली धरली. तेवढ्यात मागच्याने कोमट पाणी सुचवलं, पुढच्याने मीठ. कंडक्टर सगळ्यांत दयाळू निघाला. त्याने स्टॉप नसताना, एका डेंटिस्टच्या दारात शिट्टी मारून बस थांबवली!

सगळी बस माझ्याकडे बघत होती. काय करणार? उतरलो.

*

माझ्या हातून रबर फार तुटायचे. क्लासचे संपले की मी घरातले उचलायचो. शैलाच्या केसांचे गेले, ती बिचारी सुतळीने वेणी बांधून शाळेत जायला लागली. मग मी लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर लावलेला रबर काढून नेला, आणि फडकं तसंच भुरभुर उडत राहिलं.

पंधरा दिवसांनी आप्पांनी बरणी उघडली. आत पांढरी बुरशी!

आप्पा तसे कमी बोलणारे. पण त्या दिवशी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "एवढ्या पिढ्या इथं काढल्या, कन्नड आली, तमिळ आली, काही बिघडलं नाही! या घरात इंग्रजी आली आणि लोणचं गेलं!"

*

एकदा डिस्पॅचच्या कोपऱ्यात मी आणि नागराज समोरासमोर उभे राहून बोटं ताणत होतो. पॅकिंगचा सुपरवायझर आला. त्याला वाटलं, खोक्यांचं माप चाललंय. "किती?" त्याने विचारलं.

मी गडबडीत म्हणालो, "स्वल्प जास्त, सर."

त्याने मान डोलावली आणि निघून गेला. त्या आठवड्यातली सगळी खोकी दोन इंच मोठी झाली. आत भुसा भरता भरता आमचे हात दुखून आले, पण खरं कारण सांगायची छाती दोघांचीही झाली नाही.

*

परीक्षेच्या दिवशी सकाळी शैला दारापर्यंत आली. नवा आणलेला लाल रबर तिने वेणीतून सोडवून माझ्या हातावर ठेवला.

मूर्ती साहेबांच्या केबिनमध्ये फोन. नागराज आत गेला, पाच मिनिटांत पास होऊन बाहेर आला. मग मी.

समोर साहेब फाइल वाचत बसलेले. माझ्या पुढ्यात एक पत्र, ते फोनवर मोठ्याने वाचायचं. मी रिसीव्हर उचलला आणि घोळ लक्षात आला. एका हातात रिसीव्हर! तीन महिने सराव केला तो दोन हातांनी!

रिसीव्हर मानेत धरून बघितला, तो धाडकन टेबलावर पडला. आतून "हॅलो? हॅलो?" येतंय. उचलून एका हाताने पहिला परिच्छेद वाचला, सगळे स्वर पुन्हा एकाच मापाचे. पलीकडून थंड आवाज आला, "अगेन, प्लीज."

गुजरातचं गोडाउन मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. पोरीचा चेहरा दिसायला लागला. लाल रबर एका बोटात नुसता लोंबत होता.

तेवढ्यात साहेबांनी फाइलमधून डोळे न काढता आपली उजवी तर्जनी टेबलावर उभी केली.

मी बघतच राहिलो. साहेब म्हणाले, "हं."

रबराचं दुसरं टोक मी त्यांच्या बोटात अडकवलं आणि वाचायला लागलो. लांब स्वर आला की ओढायचो, छोटा आला की सोडायचो. एका ठिकाणी घाबरून छोट्या स्वरालाच ओढला. साहेबांनी फाइलचं पान उलटत बोट वाकवलं आणि रबर ढिला केला.

पत्र संपलं. साहेबांनी डाव्या हाताने माझ्याकडून रिसीव्हर घेतला, दोनदा "येस" म्हणाले आणि खाली ठेवला.

"कदम, बदली रद्द. आता माझं बोट सोडा, निळं पडलंय."