लक्ष्मणफळाचा पाला

शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी बोलता बोलता फायलीवर डोकं टेकवून गेला, त्याला आता तीन वर्षं होतील. चहा सांगायचा का, एवढंच आम्ही बोलत होतो. त्यानंतर मला बसल्या जागी छातीत धडधडायला लागलं, हात गार पडायला लागले. देऊळगाव राजात आणि पुढे जालन्याला तपासण्या झाल्या. हृदयात दोष निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, भीती बसली आहे. गोळ्या सुरू झाल्या, तरी ऑफिसची पायरी चढताना पाय अडायचे.

अशात एका रविवारी सकाळी सासरे दारात उभे राहिले. आमचं लग्न जातीबाहेरचं, त्यांच्या मनाविरुद्ध झालेलं. सासूबाई चोरून फोन करायच्या, पण सासऱ्यांनी अकरा वर्षांत ना लेकीचं तोंड पाहिलं होतं, ना माझं. धामणगाव बढ्याहून दोन गाड्या बदलून आले होते. हातात दुपट्ट्यात बांधलेला हिरवा पाला. बायको दाराची कडी धरून तशीच उभी राहिली.

"तिच्या मायनं सांगतलं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुमाले चैन नाही म्हणे. लक्ष्मणफळाचा पाला हाय, आपल्या वावरातला."

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी स्वतःच चार पानं धुतली, चुरगाळून पाण्यात टाकली, गॅस बारीक केला. पाणी अर्धं आटल्यावर गाळून कप माझ्यापुढे ठेवला. चव गवतासारखी, थोडी तुरट.

"यानं खरंच बरं वाटतं?" मी विचारलं.

ते उरलेला पाला पुन्हा दुपट्ट्यात बांधू लागले. मग म्हणाले, "तुमी इले घेऊन गेले ना, त्या साली मले झोप नव्हती. छाती अशीच धडधडे. तवा वरीसभर हेच पेलो."

"मंग?" बायकोनं विचारलं.

"मंग झोप आली. राग नाही गेला."

"आन् आता?"

"आता आलो ना वं माय."

ती ओट्याला टेकून रडायला लागली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

पाल्याचं मी डॉक्टरांना सांगितलं. गोळ्या चालू असताना नको, रक्तदाब उतरतो, असं ते म्हणाले. सासऱ्यांना फोनवर कळवलं तेव्हा वाटलं, आता ते यायचे थांबतील.

"डॉक्टर म्हणते तसंच करा," एवढंच ते बोलले, आणि पुढच्या महिन्यात रिकाम्या हातानं आले. मग येतच राहिले. माझ्याजवळ बसून कपाशीचं, सोयाबीनचं बोलायचे. मी नुसता ऐकायचो. वर्षभरात डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या. कशानं उतार पडला, ते मला नक्की सांगता येणार नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही धामणगावला गेलो. विहिरीजवळ ते झाड होतं, दाट, गर्द सावलीचं. बायको खाली आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली आणि भर दुपारी तिला गाढ झोप लागली. परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून मी हाक मारायला गेलो.

"उठवू नका," सासरे म्हणाले. "उद्या जा."