बाहेरचं की आतलं

"बाहेरचं हाय की आतलं, एवढं सांगा आधी."

कचेरीतला पंखा बंद पडो, साहेबांना ताप येवो की कुणाच्या घरी भांडण होवो, जमादारांचा पहिला प्रश्न हाच. बुलढाण्याच्या सरकारी विश्रामगृहाची बाग त्यांच्याकडे होती आणि त्या विश्रामगृहाचा कारभार बांधकाम कचेरीत माझ्या टेबलावर, त्यामुळे मी हे रोज ऐके. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, फाटकावरच्या नव्या पाटीचा रंगही नीट वाळला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट.

प्रश्न मुळात झाडांचा. फाल्गुनात कोवळी पालवी फुटली की ते एक जुनं धोतर घेऊन बागेत हिंडत. फांदीखाली धोतर पसरायचं, काठीनं फांदी हलकेच झोडपायची आणि खाली काय पडतं ते उकिडवं बसून बघायचं. तुडतुडे, मावा, सुरवंट पडले तर दुखणं 'बाहेरचं'. साबणाच्या पाण्यात तंबाखूचा काढा घालून पंपानं फवारला की जातं. धोतर कोरं राहिलं आणि खोडाला भुसा सांडणारं भोक दिसलं तर 'आतलं'. मग भोकात तार घाला, रॉकेलचा बोळा कोंबा, वरून माती लिंपा, आणि इतकं करून झाड वाचेलच असं नाही. आतल्या किडीबद्दल बोलताना ते आवाज खाली आणत. "काऊन जमादार, कीड ऐकून राह्यली काय?" मी चेष्टेनं विचारी. ते हसत नसत.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला दुसरा शब्द सापडला नाही? आपल्याकडे बाईनं डोळे फिरवले, पोरानं दूध टाकलं की 'बाहेरचं लागलं' म्हणतात आणि ते उतरवणारा शोधत फिरतात. जमादारांच्या हे कधी डोक्यातच आलं नाही. झाडांत राहून माणसांची भाषा विसरले होते, दुसरं काय!

एका चैत्रात फाटकाबाहेरच्या शिरीषावर तुडतुडे इतके माजले की भर उन्हात खाली चिकट थेंब पडायला लागले. देऊळघाटहून बाजाराला येणाऱ्या बाया त्या सावलीत टेकत. एकीनं डोक्याला हात लावला, बोटं चिकटली, आणि तिनं घाबरून शिडीवरच्या जमादारांना विचारलं, "झाड काऊन रडून राह्यलं जी?"

"बाहेरचं हाय, माय," ते वरूनच म्हणाले. "उतरवतो मी."

दुसऱ्या दिवशी बुंध्याशी लिंबू, कुंकू आणि काळी बाहुली. थोड्याच दिवसांत लोक आपली आजारी माणसं घेऊन यायला लागले. जमादार हात जोडत, "अवं, मी तुडतुडे उतरवतो, भुतं नाई!" कचेरीत आम्ही पोट धरून हसलो. साहेब तर त्यांना देवऋषीच म्हणायला लागले.

त्यांची बायको मात्र हसली नाही. विश्रामगृहामागच्या खोलीत ही दोघंच राहत, मूलबाळ नव्हतं. वर्षभर ती खंगत चालली होती. जेवण जात नव्हतं, पोट दुखायचं. एका संध्याकाळी ती डोक्यावर पदर घेऊन, चारचौघींसारखी, त्या झाडाखाली येऊन उभी राहिली. मी फाटकाशी सायकल काढत होतो.

"साऱ्या गावाचं सांगता," ती म्हणाली, "मंग मले काय हाय ते सांगा. बाहेरचं का आतलं?"

जमादार हातातला पंप खाली ठेवून तिच्यापुढे आले.

"बाहेरचं," ते म्हणाले. "बाहेरचंच हाय. मी उतरवतो न."

कुणीतरी ठेवलेलं लिंबू त्यांनी उचललं आणि तिच्यावरून ओवाळलं. आतलं म्हणायची त्यांना हिंमतच झाली नाही, असं मला वाटतं.

आणि तिला चक्क बरं वाटलं. जेवायला लागली, विहिरीवर बायांशी बोलायला लागली. दवाखान्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. पावसाळा सरता सरता ती पुन्हा आडवी झाली. खामगावच्या डॉक्टरांनी पोटातली गाठ दाखवली आणि म्हणाले, उन्हाळ्यातच आणायला हवं होतं. दिवाळी काही तिनं पाहिली नाही.

त्यानंतर दिवेलागणीला जमादार शिरीषाखाली पुटपुटताना दिसत. लोकांना वाटे, मंत्र म्हणतात. एकदा मी अगदी जवळून गेलो.

"आतलं हाय," ते समोर बघून समजावत होते. "म्या खोटं सांगतलं तुले. आतलं हाय. चाल, खामगावले जाऊ."

समोर कोणी नव्हतं. त्या झाडाची मला तोवर कधी भीती वाटली नव्हती, तेव्हापासून वाटते.

लोक येतच राहिले आणि जमादार आता त्यांच्यावर धावून जात. देऊळघाटची एक म्हातारी तापानं फणफणलेल्या नातीला घेऊन आली. त्यांनी पोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. "आतलं हाय! दवाखान्यात ने, नाई त तंगडं मोडतो तुयं!" असं ओरडत, शिव्या देत, त्यांनी दोघींना थेट सरकारी दवाखान्याच्या दारापर्यंत हाकलत नेलं.

त्याच हिवाळ्यात जमादार झोपेतच गेले.

चैत्रात ती म्हातारी पुन्हा आली. नातीच्या अंगावर नवा परकर, म्हातारीच्या हातात नारळ.

"ते उतरवनारे बुवा कुठी हायेत?"

"वारले," मी म्हणालो.

तिनं नातीला पुढे केलं. "पोरीच्या छातीत कफ भरला व्हता जी. डाक्टर म्हने, उशीर केला असता त गेली असती. बुवानं हाकललं म्हून वाचली." मग डोळे पुसून म्हणाली, "नारळ त्याईच्या बायकोच्या हाती देतो."

"ती त्यांच्या आधीच गेली. पोटाच्या दुखण्यानं."



"बाप्पा! असा मानूस घरात असून?"

मी नारळ घेतला. तो शिरीषाच्या बुंध्याशी ठेवला आणि मागे न बघता निघालो.